तिकीट कधी काढलं होतं? टाळेबंदीतल्या विमान परताव्याचं प्रकरण

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता. आदल्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली आणि त्याच मध्यरात्रीपासून देशांतर्गत प्रवासी विमानं जमिनीवर बसली. आंतरराष्ट्रीय उड्डाणं त्याआधी, २२ मार्चलाच थांबली होती. एप्रिल-मे म्हणजे आपल्याकडे लग्नसराई, शाळांच्या सुट्ट्या, चारधामच्या सहली, परदेशातल्या मुलांकडे निघालेले आजी-आजोबा. या प्रवासांची तिकिटं लोक डिसेंबर-जानेवारीतच काढून ठेवतात, कारण तेव्हा ती स्वस्त मिळतात. थोडक्यात, विमानं थांबली तेव्हा प्रवाशांचे पैसे कंपन्यांकडे जाऊन दोन-तीन महिने झाले होते.

पुढे सहा महिने वाद चालला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १ ऑक्टोबर २०२० ला त्याचा निकाल लागला. ‘प्रवासी लीगल सेल विरुद्ध भारत सरकार’ या नावाने तो ओळखला जातो. तिकीट रद्द करण्याचे नियम, भाड्यावरच्या अटी, परतावा, एजंटची भूमिका या सगळ्या गोष्टी एरवी सुट्यासुट्या भेटतात. इथे त्या एकाच वेळी ताणल्या गेल्या, म्हणून हे प्रकरण सविस्तर पाहण्यासारखं आहे.

आकडे डोळ्यांसमोर राहावेत म्हणून एक काल्पनिक कुटुंब घेऊ. पुण्यातले चौघे, २ मे २०२० ला पुण्याहून दिल्लीला आणि पुढे मसुरीला जाणार. तिकिटं जानेवारीत काढलेली, माणशी ६,००० प्रमाणे २४,००० रुपये. त्याच विमानात त्यांच्याच रांगेत एक पाचवा प्रवासी आहे. त्याने ५ एप्रिलला, म्हणजे टाळेबंदी सुरू असताना तिकीट काढलं. हे विचित्र वाटेल, पण त्या दिवसांत विमान कंपन्या १४ एप्रिलनंतरच्या प्रवासाची तिकिटं विकत होत्या. पहिली टाळेबंदी १४ तारखेला संपणार आणि विमानं उडणार, असा हिशेब होता. १४ एप्रिलला मुदत ३ मेपर्यंत वाढली आणि २ मेचं विमान रद्द झालं. पाचही जणांचं एकाच वेळी, एकाच कारणाने.

१६ एप्रिलला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने एक कार्यालयीन ज्ञापन काढलं. पहिल्या टाळेबंदीच्या काळात, म्हणजे २५ मार्च ते १४ एप्रिलदरम्यान, ज्यांनी तिकीट काढलं आणि ज्यांचा प्रवासही पहिल्या किंवा दुसऱ्या टाळेबंदीतला होता, त्यांनी परतावा मागितला तर रद्द करण्याचं शुल्क न कापता पूर्ण रक्कम तीन आठवड्यांत द्यावी, असा त्याचा मजकूर. म्हणजे पाचव्या प्रवाशाला रोख पैसे. पुण्याच्या चौघांबद्दल ज्ञापनात एक अक्षर नाही. ज्यांनी तिकीट जानेवारीत, फेब्रुवारीत, मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात काढलं होतं ते सगळे, म्हणजे खरं तर बहुसंख्य प्रवासी, बाहेर राहिले. त्यांना कंपन्यांनी परस्पर ‘क्रेडिट शेल’ दिलं: पैसे कंपनीकडेच, तुमच्या नावावर जमा, पुढच्या प्रवासात वापरा, बहुतेक ठिकाणी वर्षभराच्या आत. विचारलं कोणी नाही. मेल आला, त्यात कळलं.

आता नियम काय सांगत होता ते पाहू, कारण नियम नव्हताच असं नाही. परताव्याचा नियम नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, २००८ पासून चालवत आहे आणि १ ऑगस्ट २०१६ पासून त्यात महत्त्वाच्या दुरुस्त्या लागू झाल्या. रद्द करण्याचं शुल्क कोणत्याही परिस्थितीत मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असता कामा नये. कायद्याने घेतलेले कर आणि विमानतळाची शुल्कं प्रवाशाने प्रवास केला नाही तर परत द्यायचीच, मग तिकीट सेलमधलं असो, मूळ भाडं ‘ना-परतावा’ असो, की प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नसो. परतावा देण्यासाठी वेगळं शुल्क लावायचं नाही. आणि आपल्या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं वाक्य: परताव्याची रक्कम क्रेडिट शेलमध्ये ठेवायची की नाही ही निवड प्रवाशाची, कंपनीने ती आपली नेहमीची रीत म्हणून वापरायची नाही.

इथे जरा थांबू, कारण रोजच्या व्यवहारात लोक नेमके इथे फसतात. ६,००० रुपयांचं तिकीट म्हणजे ६,००० रुपयांचं भाडं नव्हे. समजा त्यात मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून ५,१०० आहेत. उरलेल्या ९०० मध्ये जीएसटी, विमानतळ वापर शुल्क, सुरक्षा शुल्क वगैरे येतं. २०२० च्या सुमारास कंपन्या रद्द करण्याचं शुल्क तीन हजारांच्या आसपास ठेवत आणि खाली बारीक अक्षरात लिहीत की शुल्क किंवा भाडं यांपैकी जे कमी असेल ते. ६,००० च्या तिकिटावर निम्मे पैसे जातात. सेलमध्ये २,२०० ला मिळालेल्या तिकिटावर भाडं सगळंच जातं आणि हातात चारदोनशे रुपये येतात. २०१६ च्या नियमाने शुल्काला कमाल मर्यादा घातली खरी, पण ती भाड्याच्या शंभर टक्क्यांवर घातली. ज्या मर्यादेपर्यंत सगळं भाडं जाऊ शकतं, ती स्वस्त तिकीटवाल्याच्या काय कामाची? जानेवारी २०१८ मध्ये संसदेच्या वाहतूकविषयक स्थायी समितीने शुल्क मूळ भाड्याच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावं अशी शिफारस केली होती. ती मानली गेली नाही. २०१९ मध्ये एक सवलत मात्र आली: कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर तिकीट काढलं आणि प्रवास किमान सात दिवस पुढे असेल, तर चोवीस तासांत ते फुकट रद्द करता येऊ लागलं किंवा बदलता येऊ लागलं.

हे सगळं झालं प्रवाशाने स्वतः तिकीट रद्द केलं तर. भाड्यावरच्या अटी हा एक सौदा आहे: तू मन बदलणार नाहीस असं कबूल कर, मी तुला स्वस्तात देतो. या सौद्यात कंपनी विमान उडवणार हे गृहीत आहे. कंपनीनेच उड्डाण रद्द केलं तर पर्यायी विमान किंवा परतावा द्यायचा, हे डीजीसीएच्याच दुसऱ्या, उड्डाण रद्द होण्याविषयीच्या नियमात आहे. त्यात नैसर्गिक आपत्ती, युद्ध, सरकारी आदेश अशा हाताबाहेरच्या कारणांसाठी कंपनीला सूट आहे, पण ती भरपाई देण्यापासून. परताव्यापासून नाही. भरपाई म्हणजे झालेल्या त्रासाचा मोबदला, परतावा म्हणजे न दिलेल्या सेवेचे घेतलेले पैसे. २०२० च्या उन्हाळ्यात कंपन्यांच्या पत्रकांत या दोन गोष्टी सर्रास एकत्र कालवलेल्या दिसत. सरकारने बंद केलं, आमचा काय दोष? दोष नाहीच. पण दोष नसला म्हणून दुसऱ्याचे पैसे आपले होत नाहीत. त्याच उन्हाळ्यात हजारो घरांत मंगल कार्यालयाच्या आगाऊ रकमेवरून हाच वाद सुरू होता आणि तिथे निदान समोरासमोर बसून काहीतरी तोडगा निघत होता.

कंपन्या पैसे का देत नव्हत्या याचं उत्तर लबाडी एवढंच नाही. आगाऊ विकलेल्या तिकिटांचे पैसे आपल्याकडे वेगळ्या खात्यात बाजूला ठेवावे लागत नाहीत. ते येतात आणि खर्च होतात: इंधन, विमानांचं भाडं, पगार, विमानतळांची बिलं. उद्याचा प्रवासी आजच्या विमानाचं इंधन भरतो, आणि विक्री चालू असेपर्यंत हे चक्र सुरळीत फिरतं. विक्री एका रात्रीत शून्यावर आली आणि त्याच वेळी सगळ्यांनी परतावा मागितला, तर रोकड उरत नाही. १६ एप्रिलच्या ज्ञापनात तिकीट काढण्याच्या तारखेला एवढं महत्त्व का, याचा धागा इथे सापडतो असं मला वाटतं. टाळेबंदीत घेतलेले पैसे कंपनीने घ्यायलाच नको होते, आणि ते अजून हाताशी असण्याची शक्यता जास्त. आधीचे खर्च झालेले. कंपनीच्या ताळेबंदाकडे पाहिलं तर ही विभागणी समजते. प्रवाशाच्या हक्काच्या बाजूने पाहिलं तर तिला काहीही आधार नाही. सेवा मिळाली नाही एवढीच गोष्ट परताव्यासाठी पुरेशी असायला हवी. ती मागितली कधी होती, हा प्रश्नच गैरलागू.

प्रवासी लीगल सेल ही स्थलांतरित भारतीयांच्या हक्कांसाठी काम करणारी संस्था. तिची याचिका एप्रिलमध्येच सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. तिचं म्हणणं साधं होतं: ज्ञापनाने प्रवाशांमध्ये केलेला भेद मनमानी आहे आणि जबरदस्तीचं क्रेडिट शेल डीजीसीएच्या स्वतःच्या नियमाविरुद्ध आहे. नंतर प्रवाशांच्या आणि ट्रॅव्हल एजंटांच्या संघटनाही त्यात उतरल्या. जूनमध्ये न्यायालयाने सरकार आणि कंपन्यांना एकत्र बसून मार्ग काढायला सांगितलं. सप्टेंबरमध्ये सरकारने जो प्रस्ताव ठेवला, त्याच्यावरच थोडेफार संस्कार करून निकाल उभा राहिला. न्यायमूर्ती अशोक भूषण, आर. सुभाष रेड्डी आणि एम. आर. शाह यांचं हे पीठ होतं.

निकालाने टाळेबंदीचा काळ २५ मार्च ते २४ मे असा धरला, कारण देशांतर्गत विमानं २५ मे रोजी पुन्हा सुरू झाली. या काळात तिकीट काढून याच काळात प्रवास करणार असलेल्यांना पूर्ण परतावा. भारतातून सुरू होणाऱ्या प्रवासाचं परदेशी कंपनीचं तिकीट असेल तरी पूर्ण परतावा. एजंटमार्फत काढलं असेल तर कंपनीने एजंटला आणि एजंटने लगेच प्रवाशाला. २४ मेनंतरच्या प्रवासाला नेहमीचे नियम. आणि उरलेले, म्हणजे आपले पुण्याचे चौघे: कंपनीने पंधरा दिवसांत पैसे परत करण्याचा प्रयत्न करावा, आर्थिक अडचणीमुळे ते जमत नसेल तर पूर्ण रकमेचं क्रेडिट शेल द्यावं. हे शेल ३१ मार्च २०२१ पर्यंत कोणत्याही मार्गावर वापरता येईल, दुसऱ्या कोणालाही देता येईल, एजंटलासुद्धा. आणि वापरलं नाही, तर मुदतीच्या शेवटी पैसे परत.

शिवाय त्यावर वाढ. रद्द झालेल्या तारखेपासून ३० जूनपर्यंत दरमहा, किंवा महिन्याच्या भागासाठी, अर्धा टक्का. त्यानंतर मार्चअखेरपर्यंत दरमहा पाऊण टक्का.

चौघांचा हिशेब करून पाहू. २४,००० रुपये, १५ एप्रिलला रद्द. जूनअखेरपर्यंत दोन पूर्ण महिने आणि एक अपुरा, म्हणजे दीड टक्का: ३६० रुपये. जुलै ते मार्च नऊ महिने, पावणेसात टक्के: १,६२० रुपये. ३१ मार्च २०२१ ला रक्कम होते २५,९८०. बचत खात्यावर त्या वर्षी मोठ्या बँका तीन टक्क्यांच्या आसपास व्याज देत होत्या, तेव्हा वरवर हा दर बरा दिसतो. पण तिकिटं क्रेडिट कार्डावर काढली असतील आणि बिल थकलं असेल, तर कार्डवाल्याचा दर महिन्याला तीन-साडेतीन टक्के. एकाच महिन्याचं व्याज आठशेच्या घरात. आणि त्या वर्षी बिलं थकलेली घरं कमी नव्हती. नोकऱ्या गेल्या होत्या, पगार कापले जात होते. अशा वेळी प्रवाशाने पैसे मागावेत आणि त्याला मार्चपर्यंत थांब, नऊ टक्के मिळतील असं सांगावं, हे कर्जच आहे. फरक एवढाच की कर्ज देणाऱ्याला विचारलेलं नाही, तारण काही नाही आणि घेणारा स्वतःच सांगतोय की मी अडचणीत आहे. बँकेने अशा ऋणकोला नऊ टक्क्यांनी पैसे दिले असते का?

तरी मी या निकालाला प्रवाशांच्या विरोधातला म्हणणार नाही. तोवर क्रेडिट शेल म्हणजे ठरावीक मुदतीत वापरलं नाही तर वाया जाणारी चिठ्ठी होती. निकालाने तिला शेवटी रोख होण्याची हमी दिली, हस्तांतराची सोय दिली आणि जानेवारी व एप्रिलमधल्या तिकिटांतली दरी अर्धवट का होईना भरली. पण अर्धवटच. नियम आधीपासून स्पष्ट होता, आणि तो काही महिन्यांसाठी बाजूला ठेवून त्याच्या जागी तडजोड बसवली गेली. रोख की शेल, हे ठरवायचा हक्क प्रवाशाकडून कंपनीकडे गेला.

वापरायला गेल्यावर आणखी एक गंमत कळायची. विमानं पुन्हा सुरू करताना सरकारने प्रवासाला लागणाऱ्या वेळेनुसार भाड्याची किमान आणि कमाल मर्यादा ठरवून दिली होती. मुंबई-दिल्लीसाठी किमान साडेतीन हजार, कमाल दहा हजार. ज्याने सेलमध्ये अडीच हजाराला मुंबई-दिल्ली काढलं होतं, त्याला तेच तिकीट आता त्या पैशात मिळणं शक्यच नव्हतं; हजारभर वर टाकावेच लागणार. शिवाय मुंबईतून सुरुवातीला दिवसाला फक्त २५ उड्डाणं आणि २५ आगमनं एवढीच परवानगी राज्य सरकारने दिली होती. त्यामुळे २५ मेनंतरची तिकिटंही धडाधड रद्द होत राहिली.

त्याच काळात दुसरीकडे काय चाललं होतं, ते शेजारी ठेवलं की आपल्या तडजोडीचा आकार नीट दिसतो. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने ३ एप्रिल २०२० ला, म्हणजे आपल्या ज्ञापनाच्या तेरा दिवस आधी, कंपन्यांना बजावलं की सरकारी निर्बंधांमुळे उड्डाण रद्द झालं तरी परतावा द्यावाच लागेल, व्हाउचरवर भागवता येणार नाही. तिकीट कधी काढलं हा प्रश्न तिथे उपस्थितच झाला नाही. युरोपातही २००४ च्या नियमानुसार व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाची सही लागते. प्रत्यक्षात तिथल्या कंपन्यांनीही टाळाटाळ केलीच, तक्रारींचे ढीग लागले. पण नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकी खात्याने सहा कंपन्यांकडून मिळून ६० कोटी डॉलरहून अधिक परतावा वसूल करून दिल्याचं जाहीर केलं, आणि त्या सहांत एक नाव होतं एअर इंडियाचं. १२ कोटी १५ लाख डॉलर परतावा आणि १४ लाख डॉलर दंड. विलंबाचा हा काळ कंपनी टाटांकडे जाण्याच्या आधीचा, सरकारी मालकीचा. म्हणजे न्यूजर्सीतल्या मराठी माणसाने भारतात यायचं तिकीट काढलं असेल तर त्याच्या बाजूने अमेरिकी खातं दंडुका घेऊन उभं होतं, आणि पुण्याहून दिल्लीला निघालेल्याला त्याच कंपनीसमोर स्वतःच उभं राहायचं होतं.

निकालानंतर थेट काढलेल्या तिकिटांचा प्रश्न मात्र बऱ्यापैकी सुटला. देशातली सगळ्यात मोठी कंपनी इंडिगोने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं की सुमारे एक हजार कोटी, म्हणजे देण्याच्या ९० टक्के रक्कम परत केली आहे. मुदत संपायच्या आठवडाभर आधी, मार्च २०२१ मध्ये, आकडा १,०३० कोटी आणि ९९.९५ टक्क्यांवर गेला. उरलेलं होतं ते मुख्यतः रोखीने तिकीट काढलेल्यांचं, ज्यांच्या बँक खात्याचा तपशील मिळत नव्हता.

अडकले ते मध्यस्थांकडून काढलेले. एजंट विमान कंपनीकडे आगाऊ पैसे भरून ठेवतो, त्यातून तिकिटं काढतो, आणि परतावाही त्याच खात्यात जमा होतो. प्रवाशाच्या खात्याचा कंपनीशी थेट संबंधच येत नाही. प्रवासी कंपनीला फोन करतो, कंपनी म्हणते आम्ही एजंटला दिले. एजंटला विचारावं तर तो म्हणतो कंपनीकडून आले नाहीत. खरं-खोटं ठरवायला प्रवाशाकडे काही साधन नाही. डीजीसीएचा नियम याबाबत तेव्हा स्पष्ट होता: एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, परताव्याची जबाबदारी कंपनीची, मुदत तीस कामाचे दिवस. पण नियमातली जबाबदारी आणि खात्यातले पैसे यांच्यात अंतर असतं. गावोगावच्या लहान एजंटांची बाजूही लक्षात घ्यायला हवी. ओळखीतल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही म्हणून पदरचे पैसे देणारेही त्यांत होते. एजंटला शेल वापरू देण्याची तरतूद निकालात आली ती त्यामुळेच.

ऑनलाइन मध्यस्थांची गोष्ट वेगळी, ते ओळखीवर चालत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच निकालाचा आधार घेऊन त्यांची चौकशी हाती घेतली. मेकमायट्रिप, क्लिअरट्रिप, इझमायट्रिप, इक्सिगो यांनी पुढे पैसे पूर्ण दिले. ‘यात्रा’च्या बाबतीत २०२१ मध्ये ३६,२७६ तिकीट नोंदणींचे सव्वीस कोटींहून अधिक रुपये थकलेले होते. जून २०२४ मध्ये, निकालाला पावणेचार वर्षं होत आली तेव्हाही, ४,८३७ नोंदणींचे अडीच कोटींच्या वर बाकी होते. २७ जून २०२४ च्या आदेशात प्राधिकरणाने जो उपाय सांगितला तो वाचून हसावं की रडावं कळत नाही: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनमध्ये पाच माणसं केवळ याच कामासाठी बसवा, खर्च कंपनीने करावा, आणि उरलेल्या प्रवाशांना एकेकाला फोन करून सांगा की तुमचे पैसे यायचे आहेत.

या सगळ्या गदारोळात एका गटाच्या बाजूने फारसं कोणी बोललं नाही. मार्चच्या मध्यावर, बातम्या वाचून, म्हातारी माणसं घरात आहेत म्हणून ज्यांनी स्वतःहून तिकीट रद्द केलं ते लोक. कंपन्यांनी तेव्हा तारीख बदलण्याचं शुल्क माफ केलं होतं, पण तारीख बदलून जायचं कधी हेच कळत नव्हतं. रद्द केलं की नेहमीचं शुल्क. आपल्या चौघांनी १८ मार्चला शहाणपणा करून रद्द केलं असतं, तर माणशी तीन हजारांप्रमाणे १२,००० गेले असते. महिनाभर काहीच न करता बसले म्हणून २४,००० वाचले. भाड्याच्या अटींत कोणी रद्द केलं याला इतकं वजन आहे की, उड्डाण रद्द होणार असं दिसत असताना गप्प बसणं हाच व्यवहार ठरतो. आजही पावसाळ्यात मुंबई तुंबली किंवा संपाची बातमी आली की जाणते लोक हेच करतात: कंपनीचा संदेश येईपर्यंत रद्दच्या बटणाला हात लावत नाहीत.

डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले आणि कंपनीची माणसांची तयारी कमी पडली. या वेळी सरकारने घोळ घातला नाही. ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत सगळे परतावे द्या, असा आदेश निघाला आणि ६१० कोटी रुपये परत गेल्याचं मंत्रालयाने सांगितलं. तिकीट कधी काढलं, हे कोणी विचारलं नाही. दोष कंपनीचा होता आणि तिच्या तिजोरीत पैसे होते, हे दोन्ही इथे उपयोगी पडलं. त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये, डीजीसीएने परताव्याच्या नियमाचा नवा मसुदा काढला होता. त्यात फुकट रद्द करण्याची मुदत चोवीसवरून ४८ तासांवर न्यायचा आणि एजंटमार्फतच्या परताव्याची मुदत २१ कामाच्या दिवसांवर आणायचा प्रस्ताव होता.

आगाऊ घेतलेले पैसे कंपनीने ठेवायचे कुठे, हा प्रश्न मात्र २०२० मध्ये कोणी सोडवला नाही आणि त्याची किंमत गो फर्स्टच्या प्रवाशांनी मोजली. गो एअर नावाने टाळेबंदीत शेल देणारी हीच कंपनी. २ मे २०२३ ला तिने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला आणि दुसऱ्या दिवसापासून उड्डाणं बंद केली. डीजीसीएने परतावा द्यायला सांगितलं, पण दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली की जुनी देणी अशी एकेकाला देता येत नाहीत. प्रवासी बँका, विमानांचे मालक आणि पुरवठादार यांच्याबरोबर धनकोंच्या रांगेत जातो. २० जानेवारी २०२५ ला राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे बंद करून मालमत्ता विकण्याचा, आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातलं शेल ३१ मार्च २०२१ ला संपलं, म्हणजे या दिवाळखोरीच्या दोन वर्षं आधी. गो एअरने दिवाळखोरीचा अर्ज २०२० च्या डिसेंबरात केला असता, तर ज्यांना मार्चअखेर पैसे परत मिळण्याची हमी न्यायालयाने दिली होती तेही त्याच रांगेत उभे राहिले असते.